भरावावरची बाभूळ : शिरूर-दौंडचे जुने तलाव आणि गावाची जबाबदारी

मागे बसलेल्या मंडळींना आवाज येतोय ना? ठीक. आजचा विषय थोडा कोरडा वाटेल, पण तो पाण्याचाच आहे. जुना तलाव, त्याचा मातीचा भराव, आणि तो भराव राखायचा कुणी, एवढाच आजचा प्रश्न. भूगोल मी मुद्दाम लहान ठेवला आहे. भीमेच्या उत्तरेला शिरूर, दक्षिणेला दौंड. मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, तिथे उभं राहिलं की हे दोन्ही तालुके एका नजरेत येतात. नदी आहे, पण पाऊस नाही. सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीतला हा मुलूख, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. त्यामुळे इथे तळं ही चैन नव्हती. आणि तरीसुद्धा, तळं बांधून ते पिढ्यान्‌पिढ्या राखायची रीत इथे फारशी रुजलेली मला दिसत नाही. हे विधान जरा टोकाचं वाटेल. ते कशावरून करतो, ते सांगतो.

पुणे-सोलापूर रस्त्याने जाताना यवत येतं, पुढे चौफुला, वरवंड, पाटस. यवतच्या बाजूला नाथाची वाडीजवळ माटोबा तलाव आहे. वरवंडला व्हिक्टोरिया तलाव आहे. नावावरूनच त्याचा काळ कळतो. आज हे दोन्ही तलाव खडकवासल्याच्या कालव्याच्या आवर्तनावर भरतात, आणि आसपासच्या गावांच्या पिण्याच्या पाण्याच्या योजना त्यांवर चालतात. हिवाळ्यात पक्षी बघायला पुण्याहून गाड्या येतात. पण हे तलाव कुणी, कधी आणि का बांधले, हे विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एका शब्दाचं असतं : इंग्रजांनी. ते अर्धं बरोबर आहे.

आता मी तुम्हाला १८७४ सालात नेतो. शिरूर तालुक्यात करडे नावाचं गाव आहे. तिथे एका सावकाराने तिथल्या देशमुखांवर हुकूमनामा आणला आणि गाव पेटलं. म्हणजे जाळपोळ नव्हे, बहिष्कार. सावकाराच्या शेतात कुणी राबायचं नाही, न्हाव्याने हजामत करायची नाही, परटाने कपडे धुवायचे नाहीत. हे लोण आसपासच्या गावांत पसरलं. काही गावांनी लेखी करार केले, आणि करार मोडणाऱ्याला दंडसुद्धा ठरवला. पुढे १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात दंगा झाला, खतं-रोखे जाळले गेले. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा ते भीमथडीत होतं. आजच्या दौंड आणि बारामती तालुक्यांचा बराचसा भाग जुन्या भीमथडी तालुक्यात येत असे. इतिहासाच्या पुस्तकांत आपण ज्याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणून वाचतो, त्याची सुरुवात आपल्या याच भागात झाली.

हे मी तळ्याच्या भाषणात का सांगतोय? कारण ‘आपल्या लोकांत एकी नाही, म्हणून सार्वजनिक वस्तू टिकत नाही’ असं वाक्य प्रत्येक सभेत कुणीतरी म्हणतोच. करडे गावात एकी होती. लिहून घेतलेली, दंडासकट एकी होती. ती कशाभोवती उभी राहिली ते महत्त्वाचं : जमीन आणि कर्ज, म्हणजे ज्यात प्रत्येकाचं स्वतःचं काहीतरी अडकलेलं होतं.

दंग्यानंतर सव्वा वर्षात दुष्काळ पडला. १८७६ ते ७८. महाराष्ट्रात तो अजून आठवणीत आहे, निदान म्हाताऱ्यांनी ऐकलेल्या गोष्टींत तरी. पाऊस गेला, जनावरं गेली, माणसं देशोधडीला लागली. सरकारने दुष्काळी कामं काढली. रस्ते, रेल्वेचे भराव, आणि तलाव. माटोबा त्या काळातला. शिर्सुफळचा तलावही त्याच दुष्काळाच्या मजुरीवर उभा राहिला. तोही त्यावेळच्या भीमथडीतलाच. खडकवासल्याचं धरण १८७९ मध्ये पुरं झालं. त्याच्या जलाशयाला ‘लेक फाईफ’ म्हणत, कर्नल फाईफ या अभियंत्याच्या नावावरून. तिथून निघणारा उजवा कालवा पूर्वेला आपल्या बाजूला आला.

या कामांवर कोण होतं? बायका फार होत्या, मुलं होती. पाटी डोक्यावर घेऊन माती टाकणारी. एका गावचे लोक दुसऱ्या गावच्या कामावर जात. १८७७ च्या सुरुवातीला सरकारने मजुरी कमी केली, तेव्हा लोकांनी कामं सोडली. पुणे सार्वजनिक सभेने सरकारला पत्रांमागून पत्रं लिहिली. म्हणजे बघा, ज्या भरावावर आज आपण सकाळी फिरायला जातो, त्यातली माती उपाशी माणसांनी वाहिली आहे, आणि त्यांना त्या तळ्याच्या पाण्यात कसलाही हक्क मिळालेला नव्हता. मजुरी घेतली, कामाची मुदत संपली, माणसं आपापल्या गावी गेली. जी जिवंत राहिली ती.

१८७९ साल गंमतीचं आहे. त्या एका वर्षात दोन कायदे झाले. एक, दंग्याच्या चौकशीतून आलेला डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट, शेतकऱ्याला सावकारापासून थोडं संरक्षण देणारा. त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. दुसरा, मुंबई पाटबंधारे कायदा. त्यावर कुणी फारसं बोलत नाही, आणि तळ्याच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. या कायद्याने कालवे आणि त्याला जोडलेली कामं सरकारी अधिकाऱ्याच्या ताब्यात आली. शेतकरी काय? तर पाणी मागणारा अर्जदार. पाणीपट्टी भरणारा. आणि एक प्रकरण असं की, अचानक आणीबाणी आली, काम तातडीने केलं नाही तर मोठं नुकसान होईल अशी वेळ आली, तर आसपासच्या धडधाकट माणसांना कामावर बोलावता येईल. म्हणजे कायद्याच्या नजरेत तळ्याभोवतालचा माणूस दोनदाच दिसतो : पैसे भरताना आणि भराव फुटायला आल्यावर. मधल्या सगळ्या काळात, जेव्हा खरी देखभाल होते, तेव्हा तो कुठेच नाही.

मद्रासकडे याहून वेगळं चित्र होतं. तमिळ मुलखात एरी म्हणजे तळं, आणि ते राखायचं काम कुळांनी करायचं याला कुडिमरामत म्हणत. तिथल्या सरकारने १८५८ मध्ये सक्तीच्या श्रमाचा कायदा करून ही रीत कागदावर आणली. आपल्याकडेही अशी उदाहरणं आहेत, पण ती पुणे जिल्ह्यात नाहीत. धुळ्याकडे पांझरा नदीवर फड पद्धत. तिथे बंधारा, त्यावरचा पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. कोणत्या फडात यंदा काय पेरायचं हे सगळ्यांनी ठरवायचं, पाटकरी पाणी देणार, जागल्या राखण करणार, आणि त्यांना धान्यात मोबदला. पाटातला गाळ काढायला प्रत्येकाने माणूस द्यायचा. दुसरं उदाहरण भंडारा-गोंदियाकडचं. कोहळी समाजाने बांधलेले हजारो तलाव, नवेगाव बांध त्यातलाच. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात राहिले. गावाला पाण्याचा हक्क होता, आणि त्या बदल्यात पाळ नीट ठेवायचं कामही होतं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. ती जायलाच हवी होती. पण तलाव सरकारकडे आले, पाण्यावर आकारणी आली, आणि लोक म्हणाले, आता तुमचं तळं, तुम्ही बघा. आजही सरकारी कागदात त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात. ज्या व्यवस्थेला जाऊन सत्तर वर्षं झाली तिचं नाव अजून त्या तळ्यांना चिकटलंय, आणि नव्या मालकाची खूण मात्र गाळात शोधावी लागते.

आता आपल्याकडचा फरक लक्षात घ्या. धुळ्यात किंवा भंडाऱ्यात रीत होती आणि ती मोडली. शिरूर-दौंडमध्ये मोडायला रीतच नव्हती. इथली शेती पावसावर आणि विहिरीवर. मोठी तळी आली ती सरकारने, दुष्काळात, बाहेरच्या मजुरांकडून करून घेतली. म्हणून ‘पूर्वजांची परंपरा पुन्हा जिवंत करूया’ असा फलक कुणी माटोबाच्या काठावर लावला तर तो मला खोटा वाटतो. इथे जे काही करायचं ते नव्याने करावं लागेल.

आणि जिथे परंपरा होती तिथेही जरा जपून बोलावं असं माझं मत आहे. ‘पूर्वी गाव आपलं आपण सांभाळत होतं’ हे वाक्य म्हणताना कुणाचे हात सांभाळत होते हे कुणी विचारत नाही. गावकीची कामं वतनाच्या नावाखाली महारांकडून, रामोशांकडून करून घेतली जात. रात्रीबेरात्री बोलावलं की जायचं, मोबदला बलुत्याचा, आणि तोही देणाऱ्याच्या मर्जीवर. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात याविरुद्ध विधेयक आणलं, ते काही उगाच नव्हे. ही वतनं शेवटी गेली ती १९५८ च्या कायद्याने. तेव्हा गावाची जबाबदारी म्हणजे गावातल्या सर्वांत दुबळ्या माणसाच्या गळ्यात काम, असा अर्थ होणार असेल तर त्यापेक्षा सरकारी चौकीदार बरा.

दुसरी लाट आली १९७२ च्या दुष्काळात. इथे बसलेल्यांपैकी काहींनी सुकडी खाल्ली असेल, काहींच्या आईने खडी फोडली असेल. त्या दोन-तीन वर्षांत आणि पुढे रोजगार हमीवर, आपल्या भागात पाझर तलाव, गाव तलाव, नालाबांध मोठ्या संख्येने झाले. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. म्हणजे शंभर वर्षांनी पुन्हा तेच : दुष्काळ, माती वाहणारे हात, घाईत उभा केलेला भराव. एक मोठा फरक होता, आणि तो मान्य केला पाहिजे. या वेळी काम मागणं हा हक्क होता. पण तळं बांधून झाल्यावर ते कुणाचं, हा प्रश्न पुन्हा अर्धवट राहिला. ते तलाव आता पन्नाशीचे झालेत.

इथे थोडं तांत्रिक बोलतो, कारण त्याशिवाय ‘देखभाल’ हा शब्द हवेत राहतो. मातीचा भराव म्हणजे मातीचा ढीग नव्हे. मधे चिकण मातीचा गाभा, तो पाणी अडवतो. दोन्ही बाजूंनी मुरमाड मातीचं कवच, ते गाभ्याला धरून ठेवतं. पाण्याच्या अंगाला दगडांचं अस्तर, लाटांनी माती खाऊ नये म्हणून. खालच्या पायथ्याशी दगडगोट्यांची गाळणी आणि चर, मुरलेलं पाणी माती न घेता बाहेर पडावं म्हणून. एका बाजूला सांडवा. आणि पाणी सोडायला मोरी.

मातीचं धरण मुख्यतः दोन तऱ्हांनी जातं. एक, पाणी माथ्यावरून वाहतं. दगडी भिंत असेल तर ती थोडा वेळ सोसते, माती सोसत नाही. काही तासांत खेळ संपतो. दुसरी तऱ्हा आतून. कुठेतरी बारीक वाट मिळते, पाणी त्या वाटेने मातीचे कण घेऊन जातं, वाट रुंदावते. बाहेरून दिसतं काय, तर पायथ्याशी एक झरा. झरा नितळ असेल, वर्षानुवर्षं तेवढाच असेल, तर घाबरू नका, पण लक्ष ठेवा. तो गढूळ झाला, तर भराव आतून वाहून चाललाय हे समजायचं. आणि आपल्याकडे यात एक शब्दाचा घोटाळा आहे. ‘पाझर तलाव आहे, पाझरणारच की’ असं लोक म्हणतात. पाझर तलावाने तळातून पाझरायचं असतं, खालच्या विहिरींना पाणी मिळावं म्हणून. भरावातून पाझरायचं नसतं.

त्या वाटा कुठून येतात? भरावावर वाढलेल्या बाभळी. झाड जिवंत असताना मूळ माती धरून ठेवतं हे खरं, पण ते मेलं, कुजलं की मुळाच्या जागी आयती नळी तयार. घुशींची बिळं. दुष्काळात दोन वर्षं तळं कोरडं पडलं की गाभ्याच्या काळ्या मातीला भेगा जातात, आणि तिसऱ्या वर्षी एका रात्रीच्या पावसात तळं भरलं की पाणी आधी त्या भेगांत शिरतं. म्हणून आपल्या भागात दुष्काळ संपतो तो क्षण भरावासाठी सगळ्यांत धोक्याचा असतो. आणि माणसाने केलेल्या वाटा : पायथ्याचा मुरूम काढून नेणं, किंवा भरावातून आडवा चर खणून पाईप टाकणं. चर वरवर बुजवतात. बुजवलेली माती आजूबाजूच्या दाबलेल्या मातीसारखी कधीच बसत नाही.

पानशेत आठवा. १२ जुलै १९६१. ते जुनं धरण नव्हतं, बांधकाम चालू असलेलं नवं धरण होतं. पाणी सोडायच्या मोरीचं काम अपुरं असताना पाणी अडवलं. मोरीच्या वरचा भराव खचू लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. सकाळी धरण फुटलं, आणि त्या लोंढ्याने दुपारी खडकवासल्याची ब्याऐंशी वर्षांची दगडी भिंतही गेली. आपण ही गोष्ट पुण्याची म्हणून सांगतो. लकडी पूल, शनिवार, नारायण पेठ. पण दौंडच्या बाजूने विचार करा. ज्या धरणातून इकडचा कालवा निघत होता तेच गेलं होतं. वरच्या धरणाचं म्हातारपण किंवा वरच्या माणसाची घाई, खालच्या गावाला दोन्ही सारखीच महागात पडते.

आणि हाच मुठा उजवा कालवा २७ सप्टेंबर २०१८ ला पुण्यात दांडेकर पुलाजवळ फुटला. वस्त्यांत पाणी शिरलं. तेव्हा कारण सांगितलं गेलं : घुशी, उंदीर, खेकडे. पुढच्या वर्षी २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. भेंदवाडी वाहून गेली, वीसहून अधिक माणसं गेली. मंत्र्यांनी तिथेही खेकड्यांचं नाव घेतलं. खेकडा बिळं करतो यात खोटं काही नाही. पण त्या गावातल्या लोकांनी धरण गळतंय अशी तक्रार आधी केली होती. ते धरण वीसेक वर्षांचं, म्हणजे आपल्या पाझर तलावांच्या निम्म्या वयाचं. मला तिवऱ्याच्या बाबतीत एक गोष्ट सारखी खटकते. तिथे गावाने गावाची जबाबदारी पार पाडली होती. डोळे उघडे ठेवले, लिहून कळवलं. लोकसहभाग म्हणतात तो आणखी वेगळा काय असतो?

तर आता आजच्या कायद्याकडे येऊ. तळं कुणाचं, याचं उत्तर महाराष्ट्रात त्याच्या सिंचनक्षमतेवर ठरत आलंय. शंभर हेक्टरपर्यंतचे जिल्हा परिषदेकडे, त्यावरचे लहान तलाव जलसंधारणाकडे, मोठे जलसंपदा विभागाकडे. मधल्या सीमा वेळोवेळी सरकल्या, खात्यांची नावं बदलली. प्रत्येक वेळी फायली एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जातात, आणि प्रत्येक प्रवासात नकाशे थोडे कमी होतात. २००५ साली पाणीवापर संस्थांचा कायदा झाला, म्हणजे शेतकऱ्यांनी सिंचनाचं व्यवस्थापन करायचं. चांगला कायदा. पण त्यात शेतकऱ्यांकडे येते ती वितरण व्यवस्था : चाऱ्या, पाण्याच्या पाळ्या, पट्टीची वसुली. धरणाचा भराव शासनाकडेच राहतो. आणि तो तिथेच राहायला हवा, असं मी म्हणेन. दोनशे खातेदारांच्या संस्थेने शतकापूर्वीच्या भरावाची दुरुस्ती स्वतःच्या पैशातून करावी, ही अपेक्षा जबाबदारीची नव्हे, जबाबदारी झटकण्याची आहे.

मग डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राचा धरण सुरक्षा कायदा आला. देशात सर्वाधिक मोठी धरणं आपल्या राज्यात, त्यामुळे त्याचा सर्वाधिक संबंध आपल्याशी. या कायद्याने धरणाच्या मालकावर पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणीचं बंधन घातलं, सुरक्षेसाठी वेगळी यंत्रणा सांगितली. पण कोणतं धरण? पंधरा मीटरपेक्षा उंच. किंवा दहा ते पंधरा मीटर, आणि त्यातही लांबी पाचशे मीटर, साठा दहा लाख घनमीटर, अशा काही अटींपैकी एखादी पुरी करणारं. आपल्या गावामागचा पाझर तलाव आठ मीटरचा असेल तर तो या कायद्याला दिसतच नाही. आठ मीटर म्हणजे किती? दोन मजली घराहून उंच. त्यामागे साठलेलं पाणी, आणि खाली ओढ्याच्या कडेला वस्ती, शाळा. म्हणजे मोठ्या धरणावर कायद्याची नजर आहे, आणि लहान तळ्यावर असलीच तर फक्त गावाची नजर आहे.

गावाची जबाबदारी नेमकी कुठे सुरू होते, याचं माझं उत्तर इथून निघतं. पण आधी एक निरीक्षण. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली. तलावातला गाळ काढायचा, शेतकऱ्याने आपल्या खर्चाने वाहून न्यायचा. लोक ट्रॅक्टर घेऊन रांगा लावून आले. कुणाला आवाहन करावं लागलं नाही. त्याच तलावाच्या भरावावरच्या बाभळी तोडायला बोलावलं तर किती येतात? मी यात कुणाला दोष देत नाही. गाळ ट्रॉलीत भरून शेतात नेता येतो, त्यातून पीक येतं. बाभूळ तोडून जे मिळतं ते म्हणजे न घडलेला अपघात, आणि तो ट्रॉलीत भरता येत नाही. करडे गावच्या लोकांना ज्यासाठी एक व्हावंसं वाटलं ते डोळ्यांसमोर होतं. शिवाय गाळ काढतानाही एक धोका असतो. भरावाच्या अगदी लगतचा गाळ खरवडू नये. पाण्याच्या अंगाला बसलेला तो थर जुन्या भरावाची गळती काही अंशी रोखून धरतो. लोभाने तो काढला की तळं खोल होतं आणि गळायला लागतं.

सांडव्याचंही तसंच. कोरड्या वर्षांत सांडवा म्हणजे सपाट, रिकामी, सरकारी जागा. तिथे आधी गोठा येतो, मग चारा, मग कुणाची तरी टपरी. किंवा पाणी वाया जातं म्हणून उन्हाळ्याच्या आशेने लोक सांडव्यावर पोती रचतात, फूटभर पाणी जास्त अडवतात. त्या फूटभरामुळे विहिरींना आणखी महिनाभर पाणी राहतं, हे खरंच आहे. पण भरावाचा माथा पन्नास वर्षांत थोडा बसलेला असतो. तुम्ही सांडवा वर नेला, माथा खाली आला, आणि मधलं अंतर, जे पुराच्या रात्रीसाठी ठेवलेलं होतं, ते दोन्ही बाजूंनी खाल्लं गेलं. हे मात्र कुठल्याही विभागाने केलेलं नसतं. हे गावाने केलेलं असतं. आणि गावातलाच कुणीतरी गावातल्याच कुणाला तरी सांगू शकतो की, पोती काढ. अभियंता पुण्याहून येऊन सांगेल तेव्हा पाऊस येऊन गेलेला असेल.

म्हणून मी अशी रेघ ओढतो. भरावाचा गाभा, मोरीची दुरुस्ती, सांडव्याची रुंदी पुरेशी आहे का याचं गणित, हे शासनाचं. त्यासाठी पैसा, माणूस आणि शिक्षण लागतं, आणि आपण कर देतो. सांडवा मोकळा ठेवणं, भरावात चर न खणणं, पायथ्याचा मुरूम न उचलणं, झऱ्याचं पाणी गढूळ झालं का ते बघणं, हे गावाचं. पण या बघण्याला किंमत यायची असेल तर तिवऱ्यासारखी तक्रार फाईलमध्ये मरून चालणार नाही. ग्रामसभेत ठराव करून, तारखेसह, आवक क्रमांक घेऊन दिलेलं पत्र ही वेगळी गोष्ट असते. आणि बघणारा माणूस फुकट राबवू नका. गुरं राखणाऱ्या पोराला ‘जरा लक्ष ठेव रे’ म्हणणं म्हणजे पुन्हा जुनी गावकीच. ग्रामपंचायतीने पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी त्याला पैसे द्यावेत. फडातल्या जागल्यालासुद्धा धान्य मिळत होतं.

एक चिठ्ठी आली आहे, तिचं उत्तर देतो आणि थांबतो. विचारलंय, ‘आमच्या गावच्या पाझर तलावाची नोंद कुठल्याच कार्यालयात सापडत नाही, तर तो कुणाचा धरायचा?’ हे तुमच्या एकट्याच्या गावचं नाही. १९७२ च्या सुमाराला अनेक ठिकाणी शेतकऱ्यांच्या संमतीने जमिनी घेतल्या, काम झालं, पण सातबाऱ्यावर तलावाची नोंद झालीच नाही. बुडालेली जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर. काहींना मोबदला मिळाला, काही अजून फेऱ्या मारतायत, आणि काहींनी पाणी ओसरलं की त्यात पेरणीही सुरू केली. तेव्हा आधी तलाठ्याकडे गट नंबर काढा, सातबारा बघा. मग जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे आणि मृद व जलसंधारण विभागाकडे, दोन्हीकडे, माहितीच्या अधिकारात एकच अर्ज द्या. तीन गोष्टी मागा : तलावाचा मूळ नकाशा, सांडव्याची मूळ पातळी आणि रुंदी, आणि शेवटच्या तपासणीची तारीख. दोन्ही विभाग ‘आमच्याकडे नाही’ म्हणाले तर तेही लेखी घ्या आणि ती दोन्ही पत्रं जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे जा. माहितीच्या अधिकारात उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. अर्ज एप्रिल संपायच्या आत पडला, तर उत्तर मृगाच्या आधी हातात येतं.